वाईट बातमी फोनवर सांगायची नाही

उमेशचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीचे गणिताचे पेपर तपासत होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. तो म्हणाला, "दिपे, शाळेतच आहेस ना? तिथंच थांब. मी येतो." काय झालं हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पेनला टोपण लावून मी ते बाजूला ठेवलं, कारण आमच्या गटात या वाक्याचा अर्थ एकच होतो. वाईट बातमी फोनवर सांगायची नाही, स्वतः जायचं आणि समोर उभं राहून सांगायची, हा आम्ही पंधरा वर्षांचे असताना केलेला नियम. उमेश येईपर्यंतची वीस मिनिटं मी वडिलांचाच विचार करत होते. खरं तर वडील फौजेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी ते कांदा करतात, आणि त्या दिवशी सकाळीच मी त्यांच्याशी बोलले होते. तरी भीती जुन्याच वाटेनं गेली... उमेश गेटमधून आत आला, गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढून हातात धरलं आणि म्हणाला, "स्नेहल. सुप्याहून येताना. ट्रेलर होता." त्या क्षणी मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर सुटका. वडील नाहीत, म्हणून. ती सुटका क्षणभरच टिकली, पण ती वाटली होती, आणि गेला दीड महिना मी स्वतःला त्याबद्दल माफ करू शकलेले नाही.

स्नेहल भोर सत्तावीस वर्षांची होती. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करायची आणि नगरहून रोज स्कूटीवर जायची-यायची. पेपरात दोन ओळी आल्या, दुचाकीस्वार तरुणी ठार, अशा. आम्हा फौजींच्या पोरांसाठी ती कोण होती हे त्या दोन ओळींतून कुणाला कळणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही दोघी एकाच वर्गात होतो, पण दहावीपर्यंत आमची ओळख म्हणजे नावापुरती. तिचे वडील तेव्हा नायब सुभेदार होते, माझे हवालदार. दोघंही वर सीमेवर. आमच्या शिक्षणासाठी आईनं भिंगारला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांत माझी आई, मी, धाकटा भाऊ आणि भीती असे चौघं राहत होतो, असं मला आता वाटतं. भीतीबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोलायचं नाही. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की आई म्हणायची, "आवाज बारीक कर, शेजारी झोपल्यात." संध्याकाळी सात वाजता कोण झोपतं? तिला आवाज नको असायचा, पण पडद्याच्या तळाशी सरकणारी अक्षरं मात्र ती स्वयंपाकघराच्या दारातून वाचायची. गल्लीत मिलिटरीची जिप्सी वळली की तिचा हात कणकेत थांबायचा. गाडी पुढं गेली की हात पुन्हा चालू. मी ते बघायचे, आणि मी बघते हे आईला माहीत असायचं. वडील फोनवर "सगळं ठीक हाय" म्हणायचे, आम्ही "इकडंपण ठीक हाय" म्हणायचो. दोन्हीकडून खोटं बोलून आम्ही एकमेकांना सांभाळत होतो.

दहावीच्या सहामाहीच्या सुमारास एका सकाळी वर्गात कुजबुज सुरू झाली. शाळेत मोबाईल आणायला बंदी होती, तरी कुणीतरी आणलेला असायचाच. सीमेवरच्या एका चौकीवर हल्ला झाला होता. त्या भागाचं नाव ऐकलं आणि माझ्या कानांत नुसती शिट्टी वाजायला लागली. तो माझ्या वडिलांचा भाग होता. मी वर्गातून उठून मुलींच्या स्वच्छतागृहामागच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले. रडू येत नव्हतं. फक्त दात एकमेकांवर आपटत होते आणि ते थांबवता येत नव्हते. तेवढ्यात स्नेहल आली. तिला बघून मी मान फिरवली, कारण आता ही "काही होणार नाही गं" म्हणेल, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माझे पप्पापण तिथंच आहेत. मला उलटी होईल असं वाटतंय. एकटीनं बसवत नाही. इथं बसू का?" कुणीतरी मोठ्यानं भीती बोलून दाखवलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. माझे दात थांबले नाहीत, पण आता ते तिलाही ऐकू येत होते, आणि त्यानं जरा बरं वाटलं.

तिकडचे फोन बंद होते. दोन दिवस कुणालाच काही कळलं नाही. विज्ञान शिकवणाऱ्या देशपांडे मॅडमनी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेची किल्ली स्नेहलच्या हातात दिली. आम्हा दोघींना टाकीपाशी त्यांनी पाहिलं असावं. म्हणाल्या, "शाळेत ज्यांचे वडील फौजेत आहेत, त्यांना बोलाव. दार लावून बसा."

स्नेहलनं विचारलं, "मॅडम, तुम्ही येणार ना?"

"नाही. आमच्या घरात सगळे मास्तर आणि कारकून. मी काही सांगितलं तर ते पुस्तकातलं होईल. मी बाहेर पायरीवर बसते, कुणी आत येणार नाही एवढं बघते. आत काय करायचं ते तुम्ही ठरवा."

आम्ही सातजण जमलो. कुणी कुणाकडं बघेना. आठवीतला एक मुलगा बाकावर नख ओढत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. स्नेहल फळ्यापाशी उभी राहिली, खडू उचलला, परत ठेवला. मग म्हणाली, "सकाळपासून कोण कोण जेवलंय?" कुणीच जेवलेलं नव्हतं. डबे सगळ्यांकडं होते, आयांनी भरून दिलेले, आणि सगळ्यांनी ते तसेच घरी परत न्यायचं ठरवलं होतं. तिनं सगळे डबे एका टेबलावर उघडायला लावले. त्या दिवशी आम्ही एकमेकांचं काहीबाही खाल्लं आणि घंटा झाल्यावर उठलो. भीतीबद्दल एक शब्द निघाला नाही. पण उठताना उमेश म्हणाला, "उद्यापण बसू." तो आमच्याच वर्गातला, फारसा न बोलणारा. त्याचे वडील नायक होते.

तिसऱ्या दिवशी सायकल स्टँडपाशी एका मुलानं उमेशसमोर मोबाईल धरला. "तुझ्या बाबांचं नाव आलंय बघ," असं तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे उमेश आजही सांगतो. स्क्रीनवर चार नावं होती. तिसरं नाव, गावाचं नाव, जिल्ह्याचं नाव. उमेश सायकलचं कुलूप उघडत होता, ते त्यानं पुन्हा लावलं आणि चालत निघाला. आम्ही दोघी त्याच्या मागं धावलो. स्नेहलनं त्याला एकदाच विचारलं, "आईला कळलंय?" तो म्हणाला, "माहीत नाही."

शाळेपासून त्याचं घर पंधरा मिनिटांवर. त्या वाटेवर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता, लोक भाजी घेत होते, आणि मला वाटत होतं की हे घर कधी येऊच नये. पण आलं. उमेशची आई, सुमनकाकू, ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. टीव्ही बंद होता. फोन आत चार्जिंगला लावलेला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "काय रे, लवकर सुटली शाळा?" त्यांनी विचारलं. उमेशचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी स्नेहलकडं पाहिलं. ती पंधरा वर्षांची होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग ती ओट्यावर बसली, मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि म्हणाली, "हो काकू, लवकर सुटली. आम्ही इथंच अभ्यास करणार आहोत आज."

बातमी खोटी असेल, नाव दुसऱ्या कुणाचं असेल, असं तेव्हा तिच्या मनात होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. युनिटची माणसं येईपर्यंत आपण सांगू नये, चुकलं तर काय, असंही. आम्ही अर्धा तास मेथी निवडली. काकूंनी मला विचारलं, तुझी आई मेथीच्या भाजीत दाणे घालते का मुगाची डाळ. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. स्नेहलनं एक पान देठापासून तोडून चुकून देठच पातेल्यात टाकला, तर काकू हसल्या. "सासरी गेल्यावर कसं व्हायचं तुझं," म्हणाल्या. उमेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि आईकडं एकटक बघत होता. त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी जिप्सी वळल्याचा आवाज आला. या वेळी गाडी पुढं गेली नाही... सुमनकाकूंनी मान वर केली, गाडीकडं पाहिलं, मग आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडं पाहिलं. आम्हाला आधीपासून माहीत होतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. त्या नजरेला मी आजही घाबरते.

माझे आणि स्नेहलचे वडील सुखरूप होते. त्या संध्याकाळी दोघांचेही फोन आले. आई फोनवर हसत होती आणि मी चादर तोंडात कोंबून रडत होते. आनंदाची लाज वाटणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

पुढं कितीतरी वर्षं स्नेहल त्या अर्ध्या तासापाशी परत परत यायची. "काकू हसल्या होत्या, दिपे," ती म्हणायची. "मी त्यांना अर्धा तास जास्त दिला की त्यांची फसवणूक केली, मला कळतच नाही." मलाही कळलं नाही. एकदा ती थेट सुमनकाकूंनाच विचारायला गेली. काकू म्हणाल्या, "मला न्हाई माहीत, पोरी. पण तुमी मला सोडून गेला न्हाईत." त्यावर स्नेहलचं समाधान झालं असेल असं वाटत नाही. पण त्या अर्ध्या तासातूनच आमचा तो पहिला नियम आला, आणि त्या नियमातून गट.

देशपांडे मॅडमनी रविवारी दोन तास प्रयोगशाळा उघडून द्यायचं मुख्याध्यापकांकडून मंजूर करून घेतलं. सातांचे अकरा झाले, मग वीस. दुसऱ्या शाळांतली मुलं यायला लागली. कुणाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होऊन पाचवी शाळा असायची. कुणाचे वडील घरी आले होते, पण कुणाशी बोलत नव्हते. स्नेहलनं जोड्या लावल्या. नव्या मुलाला एक जुनं मूल. आठवडाभरात जुन्यानं नव्याला एकदा तरी जाऊन भेटायचं, काही विचारायचं नाही, नुसतं भेटायचं. आणि दर रविवारी बैठक वेगळ्यानं चालवायची. हे तिनं हट्टानं पाळलं. तिचा हट्ट कधीकधी जाचायचा, हेही लिहिलं पाहिजे. उशिरा येणाऱ्याला ती सगळ्यांसमोर फटकारायची, आणि एकदा एका मुलीला "रडून झालं असेल तर पुढं जाऊ या" म्हणाली होती. ती मुलगी पुढं महिनाभर आली नाही. स्नेहलनं तिच्या घरी जाऊन माफी मागितली, तीही तिच्या आईसमोर.

बैठक घ्यायची माझी पाळी आली तेव्हा मी अकरावीत होते. वडील दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले होते. ते घरात असले की मी श्वाससुद्धा जपून घ्यायचे. भांडं पडलं की ते ताडकन उठायचे, आणि मग त्या उठण्याचा राग आमच्यावर निघायचा. भावाला त्यांनी एकदा असं ढकललं की तो कपाटावर आदळला. ज्या माणसासाठी मी वर्षभर देव पाण्यात घातले होते, त्याच्या पावलांचा आवाज आला की मी पलंगाच्या कोपऱ्यात सरकायचे. हे मी कुणाला सांगणार? मी स्नेहलला म्हणाले, "उद्या मला जमणार नाही. तूच घे."

"मला तरी कुठं जमतं," ती म्हणाली. "बाहेर निघायच्या आधी दर रविवारी मी दोनदा चप्पल काढून ठेवते. आईला विचार."

"मग करतेस कशाला?"

ती म्हणाली, "मी नाही घेतली तर कुणीतरी मोठं माणूस येऊन भाषण करेल. शूर बापाची शूर लेकरं म्हणेल. मग कोण खरं बोलणार?"

दुसऱ्या दिवशी वीस पोरांसमोर उभी राहून मी म्हणाले की मला माझ्या वडिलांची भीती वाटते. आवाज इतका कापत होता की मागच्या बाकावर ऐकूच गेलं नाही आणि एकानं "काय?" असं विचारलं. मला ते परत म्हणावं लागलं, मोठ्यानं. मग एक हात वर आला, मग दुसरा. पाचजणांनी सांगितलं, आमच्याकडंपण. स्नेहल मागं उभी होती. तिचा हात वर नव्हता. तिच्या वडिलांनी घरात कधी आवाज चढवला नाही. मात्र बैठक संपल्यावर ती देशपांडे मॅडमकडं गेली, मला बरोबर घेऊन, आणि मॅडमनी माझ्या आईशी बोलून वडिलांना मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांपर्यंत पोचवलं. वडिलांना बरं व्हायला वेळ लागला. आज ते माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन कांद्याच्या वाफ्यातून फिरतात. त्या रविवारी मी बोलले नसते, तर मला माहीत नाही काय झालं असतं, आणि मी तो विचार पुढं नेत नाही.

बारावीनंतर मी गट सोडला. खरं कारण एवढंच, की मला भीतीचा कंटाळा आला होता. स्नेहलनं मला अडवलं नाही, बोलही लावला नाही. ती मात्र राहिली. पदवी झाली, नोकरी लागली, तरी आठवड्याची सुट्टी तिनं रविवारचीच मागून घेतली. मॅडम निवृत्त झाल्यावर बाहेरच्या पायरीवर ती बसायला लागली. आत सोळा-सतरा वर्षांची मुलं चालवायची. मी तिला म्हणाले होते, आत जाऊन जरा बघत जा, काय बोलतात ते. ती म्हणाली, "आता माझे पप्पा घरी आहेत. मला या पोरांसारखी भीती नाही वाटत. मी आत काय सांगणार?"

तिला दुसरी भीती होती. शेवटचं भेटलो तेव्हा, अपघाताच्या दहा-बारा दिवस आधी, आम्ही माळीवाड्याजवळ चहा घेतला. तेव्हा ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "त्या हायवेला मागून ट्रेलर आला ना दिपे, की भीती वाटते. आरशात नुसती त्याची पुढची जाळी दिसते, बाकी काही नाही." मी म्हणाले, कंपनीच्या बसनं जा. ती म्हणाली, शिफ्टची वेळ जुळत नाही, बघू पुढच्या महिन्यात. आणि आम्ही दुसरं काही बोलायला लागलो. भीती वाटते म्हणाली की ऐकायचं, हे मी तिच्याकडून शिकले होते. त्या दिवशी मी ऐकलं, आणि चहा संपवला...

तिच्या मोबाईलवर शेवटचा फोन उमेशचा होता, म्हणून पोलिसांनी त्यालाच आधी कळवलं. तो भिंगारमध्ये गाड्यांच्या दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. हात न धुता तो थेट भोरांच्या घरी गेला. स्नेहलचे वडील, सुभेदारसाहेब, अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. उमेश मला म्हणाला, "दाराशी गेलो आणि मला वाटलं, आता परत माझं तोंड उघडंच राहणार. पण मी बोललो. नळ बंद केला, त्यांचा हात धरला आणि बोललो." त्यानंतर तो माझ्याकडं आला आणि संध्याकाळपर्यंत अशा नऊ घरी गेला.

पुढच्या रविवारी मी कितीतरी वर्षांनी त्या प्रयोगशाळेत गेले. मुलं जमली होती. बैठक चालवणारी अकरावीतली मुलगी फळ्यापाशी उभी होती. ती मला म्हणाली, "ताई, आजपर्यंत आम्ही वडिलांसाठी घाबरत होतो. असं काही होईल हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आता काय करायचं?" मला माहीत नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. ती मान हलवून परत आत गेली. मी पायरीवर बसले. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी बोलायला लागलं.

तिथून उठून मी भोरांच्या घरी गेले. स्नेहलच्या आई बेलापूरकडच्या, शेतकऱ्याघरच्या, हातानं सतत काहीतरी करणाऱ्या. त्या दिवशी त्या नुसत्या बसून होत्या. सुभेदारसाहेबांनी पाणी आणून दिलं. मग तेच म्हणाले, "दीपाली, मी अजून तिच्या खोलीत गेलो नाही. दारापर्यंत जातो." तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. पुढचं वाक्य म्हणायला त्यांना वेळ लागला. "मला भीती वाटते आत जायची. तू येतेस का बरोबर?"

आम्ही गेलो. भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि तरी खोलीतली ट्यूबलाईट चालू होती. पलंगावरची चादर तिनं सकाळी घाईत सारखी केली असावी, एक टोक वर राहिलं होतं. साहेबांचा हात सवयीनं बटणाकडं गेला.

"राहू द्या," मागून स्नेहलच्या आई म्हणाल्या. "बंद नका करू. लहानपणापासून लाईट लावूनच झोपायची ती. अंधाराची लई भीती हुती तिला."

साहेब वळले. "मला कधी दिसलं नाही."

"तुमी सुट्टीवर आले का बंद करायची. तुमाला कळू न्हाई म्हणून. तुमी कायमचे घरी आल्यावर दाराखाली पट्टी लावून घेतली, उजेड बाहेर येऊ नये म्हणून."

त्यांनी खाली पाहिलं. दाराच्या तळाला जाड काळ्या रबराची पट्टी ठोकलेली होती, नीट, समान अंतरावर चार खिळे. ते त्या पट्टीकडं बघत राहिले. मग त्यांनी बटणावरून हात काढून घेतला, पलंगाच्या कडेला बसले आणि मला म्हणाले, "दार उघडंच राहू दे."